साहेबांनी हात मागे घेतला

छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे एकदम फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावतात. निफाडकडच्या एका बागेत औषध कंपनीचे खासनीस साहेब म्हणाले, "बायांनो, उघड्या हातांनीच लावा. मोज्यांनी काम रेंगाळतं. हे पाण्यासारखं आहे."

डब्यावर तर हातमोजे घाला असं छापलेलं, आणि बोटंही चुरचुरत होती. खरं कोणाचं मानावं, बायकांना उमजेना.

शेवंताबाईंनी औषधाने ओला झालेला हात पुढे केला. "साहेब, एवढ्या लांबून आलात. हात तरी मिळवा."

साहेब झटकन मागे सरले. "आधी तो धुवा, बाई."

"पाणीच तर लागलंय, साहेब. ते कशानं धुवायचं?"

साहेब गाडीकडे गेले आणि हातमोज्यांचं खोकं घेऊन आले.