पावलं खाणारी वाट

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की गप्प बसणाऱ्यावर?

काय म्हणालीस चिमे? मोत्यावर? कुत्र्यावर ठेवावा, हे खरंच. पण माणसांचं सांग. नाही ना सांगता येत? मलाही कधी धड सांगता आलं नाही, आणि मी तर चाळीस वर्षं गुळाच्या दुकानात बसून माणसंच बघितली. बोलणाऱ्याचं निदान बोलणं तरी कानावर पडतं. गप्प बसलेल्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकतो आणि तिथेच फसतो. असो. पाय आधी पांघरुणात घ्या, मग सांगते.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीतल्या एका घरात दोन बहिणी होत्या. थोरली येसू, धाकटी सगुणा. सगुणा थोरलीला अक्का म्हणायची, तर आपणही अक्काच म्हणू. दोघींची लग्नं झाली. अक्काला दिलं रानाच्या अलीकडे, सगुणाला रानाच्या पलीकडे. मधलं रान एवढं दाट, एवढं दाट, की ऊनसुद्धा आत शिरताना दहादा विचार करायचं.

मग त्यांची आई रानदेवीकडे गेली. म्हणाली, "बाई गं, माझ्या लेकी एकमेकींना दिसेनाशा होतील. काहीतरी कर."

रानदेवी म्हणाली, "एक वाट देते. पण ती जिवंत आहे. तिला पावलांची भूक लागते. चालाल तितकी ती आखडेल, चालणं सोडाल तितकी लांबेल. आणि वर्षभर उपाशी राहिली, तर उठून निघून जाईल. मग माझ्याकडे दुसरी मागायला यायचं नाही."

मग वाट आली. पहिल्या दिवशी अक्का उजाडता निघाली, ती दिवेलागणीला सगुणाच्या दारात. पण दोघी चालत राहिल्या. आज ही जाई, उद्या ती येई. वाट पोटभर पावलं खायची आणि आखडायची. चार-पाच वर्षांत अशी झाली, की अक्कानं चुलीवर डाळ ठेवावी, सगुणाकडे जाऊन चार गोष्टी बोलून यावं, तर डाळ नुकती कुठे मऊ झालेली.

आता दोघींमध्ये एक पितळी कटोरा होता, बरं का. अक्का त्यातून कधी सांजा न्यायची, कधी शिरा. आणि आपल्याकडे रीत काय? कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. सगुणाचा नवरा रानातून मध काढायचा. मग काय, कटोरा जाताना सांज्यानं भरलेला आणि येताना मधानं.

मग एक वर्ष असं आलं, की रानात फुलंच आली नाहीत. मधमाश्या उठल्या आणि कुठे गेल्या कोण जाणे. सगुणाचा नवरा मध शोधत लांबच्या डोंगरावर गेला. घरातलं धान्य सरत आलं. आणि नेमकी तेव्हाच अक्का आली, शिऱ्यानं भरलेला कटोरा घेऊन! सगुणा हसली, बोलली, घरच्या ओढाताणीचं अक्षर काढलं नाही. निघताना अक्का म्हणाली, "कटोरा येताना तूच आण गं."

शिरा संपला. सगुणानं कटोरा घासला, लखलखीत केला आणि हातात धरून बसली. यात घालू काय? रिकामा कसा नेऊ? उद्या बघू म्हणाली. उद्याचा परवा झाला. शेवटी तिनं तो कणगीत लपवला. कणगीही रिकामी, म्हणून ठणकन वाजला.

हसू नका रे. माझं एक गिऱ्हाईक होतं. गुळाबरोबर दुकानाचं पोतं घेऊन गेला आणि पोतं उंदरांनी कुरतडलं. मग लाजेनं तो माझ्या दुकानावरून यायचाच बंद झाला. दोन वर्षं मागच्या गल्लीनं जायचा. पोतं ते केवढं आणि माणूस केवढ्याचा! असं असतं बघा.

मग इकडे अक्का वाट बघत बसली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. शेजारची गोदाकाकू कुंपणावरून म्हणाली, "काय गं येसू, कटोरा चांगला जड होता, नाही? गेला तो गेलाच म्हणायचा."

"आमची सगू तसली नाही हो काकू," अक्का म्हणाली. म्हणाली खरी, पण शब्द बोचला. मग तिनं एक दोरा घेतला. सगुणा आली नाही त्या प्रत्येक दिवसाची एक गाठ. रोज म्हणायची, "थोरली मी. मी का आधी जाऊ?" आणि मारायची गाठ. गाठी मारता मारता दोऱ्याचा नारळाएवढा गुंडा झाला.

आणि वाट? वाट उपाशी. भुकेल्या वासरासारखी दोन्ही अंगणांत येऊन बसायची. कुणी पाऊल टाकेना. मग ती लांबत गेली, लांबत गेली, पार पहिल्यापेक्षाही लांब झाली.

तिकडे सगुणाला दिवस कळत होते. वर्ष भरत आलं. वाट गेली की अक्का गेली, जन्माची गेली. मग तिनं ओंजळभर करवंदं वेचली, कटोऱ्यात घातली आणि निघाली. दुपारपर्यंत चालली. बघते तर करवंदं उन्हानं सुकून बोरांच्या बियांसारखी झालेली. "असलं कसं देऊ अक्काला?" म्हणून मागे फिरली. आणि अर्ध्यातून मागे फिरलेलं पाऊल वाट खात नाही, बरं का. ते तिला उष्टं वाटतं.

मग दुसऱ्यांदा शेजारणीकडून मूठभर तांदूळ उसने घेतले. वाट आता वेडीवाकडी झालेली. पाय अडखळला, तांदूळ सांडले, पाखरांनी टिपले. सगुणा रडत घरी आली.

मग वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. कटोऱ्यात घालायला घरात दाणासुद्धा नव्हता. सगुणा अंगणात आली, तर वाटेचं टोक चटई गुंडाळावी तसं वर उचललेलं! तिनं रिकामा कटोरा पोटाशी धरला आणि धावत सुटली.

त्याच वेळी अक्का भाकरी भाजत होती. तिनंही दारातून बघितलं. वाट उठायला लागली होती! मग कसली थोरली न् कसली धाकटी. भाकरी तव्यावर तशीच टाकून, दोऱ्याचा गुंडा कनवटीला तसाच, अक्का अंगणात आली आणि वाटेवर ओरडली, "खाली बैस, मेले! एवढी वर्षं माझी पावलं खाल्लीस ती काय अशी पळून जायला?"

वाट जरा ओशाळली. अक्का धावायला लागली. इकडून अक्का, तिकडून सगुणा. दोघींचे श्वास फुलले. सूर्य बोटभर उरला तेव्हा दोघी रानाच्या मध्यावर आल्या. आणि बघतात तर काय? वाट मध्येच तुटलेली. दोन टोकं हवेत उचललेली, मध्ये फक्त एका पावलाची फट. फटीत खाली नुसता काळोख.

अक्का या बाजूला, सगुणा त्या बाजूला. एक पाऊल टाकायचं, की झालं. आणि सगुणा थांबली! म्हणाली, "अक्का, कटोरा रिकामा आहे गं."

"काय?"

"वर्षभर भरायचं बघतेय. घरात काहीच नव्हतं. रिकामा कसा आणू?"

अक्का म्हणाली, "अगं वेडे, त्या कटोऱ्यासाठी वर्षभर तोंड लपवलंस? डोक्यावर उपडा घालून आली असतीस तरी चाललं असतं मला! टाक पाऊल. सूर्य चाललाय."

आणि तिनं हात पुढे केला. दोघींनी एकदमच पाऊल टाकलं. वाटेनं ते गटकन गिळलं, फट मिटली आणि एवढा मोठा ढेकर दिला, की झाडावरची माकडं खाली पडली.

मग दोघी तिथेच बसल्या. रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. अक्कानं रुसून गुंडा काढला. "हे बघ. तू आली नाहीस त्या दिवसांच्या गाठी."

सगुणानं गुंडा उलटसुलट करून बघितला. "आणि तू आली नाहीस, त्यांच्या कुठे आहेत?"

अक्कानं गुंड्याकडे बघितलं आणि तिला जे हसू आलं, ते थांबेचना. हसत हसत तिनं सगुणाला आपल्या घरी नेलं. भाकरीचा कोळसा झाला होता. दुसरी भाजली आणि दोघींनी एका ताटात खाल्ली.

त्या दिवसापासून त्या दोन घरांनी रीत बदलली. भांडं रिकामं असलं तरी चालेल, पण ते माणसानं स्वतः आणून द्यायचं. पुढच्या वर्षी फुलं आली, सगुणाचा नवरा मध घेऊन परतला. आणि वाट आखडत आखडत इतकी जवळ आली, की अक्कानं इकडे फोडणी घातली, की तिकडे सगुणाला शिंक यायची. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत अशाच सुखात नांदल्या.

चला, मिटा डोळे. एवढंच माझं ऐका पोरांनो. आपल्या माणसांचा हिशेब ठेवू नयेच, पण मन ठेवतंच. मग ठेवाल तो खरा ठेवा. ते किती वेळा आले नाहीत हे लिहिलंत, तर आपण किती वेळा गेलो नाही, तेही शेजारीच लिहा.