आमटीत ओतलेली घागर

फार फार वर्षांपूर्वी, मोठी माणसं कधीच चुकत नसत म्हणे त्या काळी, नदीकाठी एक गाव होतं. वरच्या आळीत पाटील आणि त्याचे निळीचे हौद. हौदांतलं घाण पाणी सरळ नदीत जाई. वरची आळी विहिरीचं पाणी पिई, खालची आळी नदीचं.

खालच्या आळीत एक कोळ्याची मुलगी होती. तिने पाहिलं, मासे पोट वर करून तरंगतायत. आईच्या हातांवर फोड उठलेत. ती तीनदा चावडीवर गेली. पंच सुपारी कातरत म्हणाले, "बघू, पोळा होऊ दे." मग म्हणाले, "दिवाळी होऊ दे." तिसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, बोलायची एक रीत असते."

मग गावजेवण आलं. त्या दिवशी सगळं गाव एकाच हंड्यातलं जेवायचं. मुलीने सगळ्यांदेखत नदीची निळी घागर आमटीच्या हंड्यात ओतली.

"अन्नाची नासाडी! लाज नाही वाटत?" पाटील ओरडला.

"जेवा की, पाटीलबाबा. आम्ही रोज हेच पितो."

"मुद्दा बरोबर आहे गं, पण पद्धत चुकली," असं म्हणणारे शहाणेही निघाले. चावडीवर तिन्ही वेळा हेच शहाणे तोंड शिवून बसले होते.

मग खालच्या आळीतली तिची आत्या पुढे आली. "वर्षातून एकदा पोटभर मिळायचं, भवाने, तेही घालवलंस," म्हणत म्हातारी रडली. मुलीने मान खाली घातली.

पंचांनी मुलीला वाळीत टाकलं आणि पहारा बसवला. नदीवर नाही, हंड्यावर!

"नदी निळी दिसते म्हणून हा बोभाटा," पाटील म्हणाला. त्याने हौदांमागे खड्डे खणले आणि घाण जमिनीत मुरवली. "दिसलं नाही की मिटलं." पंचांनी माना डोलावल्या.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नदी निवळली, आईचे फोड सुकले. आणि वरच्या आळीच्या विहिरी निळ्या झाल्या. पाटलाच्या नातीच्या अंगावर फोड उठले. पंच रिकाम्या घागरी घेऊन खाली आले.

"पोरी, एवढं वाईट आहे हे आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही सुपारी कातरत होतात."

त्याच दुपारी पंचांनी पहारी घेतल्या आणि पाटलाचे हौद आपल्या हातांनी फोडले. ना पोळ्याची वाट पाहिली, ना दिवाळीची.

तात्पर्य: नासलेल्या आमटीवर जो चिडतो आणि मेलेल्या नदीवर चिडत नाही, त्याने कुणाला रीत शिकवू नये.