तारेने पाडलेली खाच

वाद्ये घडवणाऱ्या एका गावात एकदा एक वृद्ध मनोवैद्य राहत होते. मेंदूचे शास्त्र शिकण्यासाठी त्यांच्याकडे एक शिष्या आली होती. बुद्धी तल्लख, वाचन अफाट; पण नवी विद्या पोटात मुरण्याआधी जिभेवर येते, तसे तिचे झाले होते. भीती मेंदूच्या कोणत्या भागात उठते, उत्साह कोणत्या रसायनाने येतो, हे ती झोपेतून उठवले तरी घडाघडा सांगे.

एके सकाळी शमीम आपल्या वडिलांना घेऊन आली. हे बाबालालचाचा म्हणजे सतारींचे नामांकित कारागीर. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली होती. गेले चार महिने त्यांनी कानस हाती धरली नव्हती आणि आता अन्नावरची वासनाही उडाली होती. गुरुजी आत दुसऱ्या रुग्णापाशी होते, म्हणून शिष्येनेच औषध काढून दिले आणि समजावले, "चाचा, हे दुःख वगैरे काही नाही. मेंदूतली रसायनं बिघडलीत, एवढंच. गोळ्या घ्या, सगळं जाईल."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे तिच्यासाठी रडलो, ते खोटं?" एवढेच बोलला आणि गोळ्या टेबलावर तशाच सोडून चालता झाला. शमीम डोळे पुसत त्यांच्यामागे धावली.

गुरुजींना हे कळले, पण ते रागावले नाहीत. भिंतीवरची आपली जुनी सतार उतरवून त्यांनी शिष्येच्या हाती दिली. "चाचांकडे जा. हिचा आवाज का बसला, एवढं विचार. आजाराचं अवाक्षर काढू नकोस. मी मागून येतोच."

शिष्या मनातून चरफडली. माणूस अन्नपाण्यावाचून झिजतो आहे आणि गुरुजींना सतार सुचते! तरी ती गेली.

चाचा घरातल्याच कारखान्यात भिंतीला टेकून बसले होते, शमीम जवळच होती. सतार पुढे ठेवली तरी हलेनात. अखेर सवयीनेच त्यांचे बोट तारेवर गेले. भद्द आवाज आला. त्यांनी कपाळाला आठी घातली, तारा सैल केल्या आणि ज्या हाडाच्या घोडीवरून तारा जातात ती काढून शिष्येचे बोट तिच्यावर ठेवले.

"लागतीय खाच?"

"हो. कशानं पडली?"

"तारेनंच. रोज घासून घासून."

"मग दोष कुणाचा? तारेचा की हाडाचा?"

"दोष कशाला हुडकतीस, पोरी? वाजली म्हणून खाच पडली, आणि खाच पडली म्हणून आता वाजंना. हाड घासून नीट केलं की झालं."

"घासल्यावर सूर बदलतो?"

"सूर त्योच. मोकळा होतोय." त्यांनी कानस उचलली. हाडाला टेकवली, पण फिरवली नाही. कानस खाली ठेवून ते म्हणाले, "आज न्हाई व्हायचं."

आपण काय बोलून बसलो, ते शिष्येला आता कळत होते.

दारात गुरुजी ऐकत उभे होते, हातात टेबलावर राहिलेल्या त्या गोळ्या. चाचांशेजारी बसत ते म्हणाले, "मुली, तू मेंदूतली खाच पाहिलीस, आणि ती खरीच आहे. पण ज्या दुःखाने ती पाडली, तेही तितकंच खरं आहे. मनावर गुदरतं ते मेंदूत कोरलं जातं, आणि मेंदूत कोरलेलं पुन्हा मनाला जाचतं. प्रत्येक खाच दुःखानेच पडते असंही नाही. कुणाची घोडी मुळातच मऊ असते. आजाराचं कारण देहात सापडलं, म्हणून माणसाचं रडणं खोटं ठरत नाही. औषध हाडापुरतं असतं. तारेला ते हात लावत नाही."

शिष्येने चाचांचे पाय धरले. "चुकले मी, चाचा."

चाचा घोडीवरून अंगठा फिरवत होते.

"डाक्टर, तुमच्या गोळ्यांनी ती इसरायला न्हाई ना व्हायचं?"

गुरुजींनी शिष्येकडे पाहिले. या वेळी तिने घाई केली नाही.

"नाही, चाचा. आठवण राहील. तिच्यासकट जेवता येईल, झोपता येईल. थोडे आठवडे लागतील, आणि तोवर मी रोज येईन."

चाचांनी मान हलवली. मग हात पुढे करून गोळ्या घेतल्या आणि विचारले, "ह्या उपाशीपोटी घ्यायच्या, का जेवून?"

"जेवून," ती म्हणाली. शमीम तोवर चुलीकडे गेलीही होती.