न वळणारी लाँच

“उद्यापासून खाडीत जी होडी वाकडी जाईल, तिचं जळण होईल!”

वेळण्याच्या राजेसाहेबांनी ही दवंडी पिटवली आणि खाडीकाठच्या लोकांनी कपाळाला हात लावला. कारण काय, तर राजेसाहेबांनी नवी लाँच आणली होती. लाँच आपली धडधडत नाकासमोर जाते. पुढनं एक शिडाची होडी आडवी गेली, लाँच हलली, आणि सरकारांच्या हातातला चहा सांडला थेट धोतरावर. झालं! धोतर भाजलं एकाचं, आणि हुकूम सगळ्या खाडीला.

हुकमाला शेपूटही होतं. लाँच कुणासाठी वळणार नाही. पुढं असेल त्यानं बाजूला व्हावं.

आता दुपारी वारा येतो समुद्राकडनं. समुद्राकडं जायचं तर शिडाला आधी एका काठाकडं जावं लागतं, मग वळून दुसऱ्या काठाकडं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाणारं शीड अजून कुणाच्या बापानं शिवलेलं नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक. पण बोलायला तोंड कुणाचं उघडेना. कारभारी तर म्हणाले, “वा! काय शिस्त लागेल खाडीला!” कारभारी उभ्या जन्मात होडीत बसले नव्हते.

बोलली ती आवडी. तरीवर होडी चालवून माणसं पलीकडं पोचवणारी, बापामागं तेवढी एक होडी राहिलेली. होडी गेली तर चूल गेली. ती सरळ वाड्यावर गेली.

“सरकार, वारा समोरनं असला की होडी सरळ जात नाही.”

“का जात नाही? आमची लाँच जाते की!”

“लाँच रॉकेल पिते, सरकार. माझी होडी वारा खाते. आणि वारा काय वाड्याच्या कोठारात मिळत नाही!”

दरबारी हसायला लागले, सरकारांकडं बघून गप्प झाले.

“फार बोलतेस!” राजेसाहेब कडाडले. “उद्या दुपारी आमच्या डोळ्यांदेखत शीड उभारून खाडीच्या तोंडापर्यंत सरळ जायचं. एकदा जरी वळलीस, तर होडी मुदपाकखान्यात! आणि पळून जाऊ नये म्हणून हिची वल्ही आजच जप्त करा.”

शिपाई वल्ही घेऊन गेले. होडी वल्ह्यांनी सरळ गेली असती, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आवडीच्या आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी तिनं होडी सोडली. पाण्यानंच ती खाली नेली. दोन वाळूच्या पट्ट्यांमध्ये खाडी जिथं अरुंद होते तिथं आवडीनं होडीचं नाक वाऱ्यात धरलं आणि शीड चढवलं. शीड फडफडायला लागलं. वारा मागं ढकलतो, ओहोटी पुढं ओढते, होडी जागच्या जागी! तिनं ती जागा काही उगीच निवडली नव्हती.

मागनं लाँच आली. वर पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी छत, खाली राजेसाहेब. खाडीच्या तोंडावरच्या बंगल्यात व्याही पंगत मांडून बसलेले, लग्नाची बोलणी होती. भोंगा वाजला.

“ए, बाजूला हो!”

“बाजूला व्हायचं तर वळायला लागेल, सरकार!”

“मग पुढं जा!”

“जातेय की! नाक बघा, कसं सुतासारखं सरळ!”

लाँच चालवणारा सारंग इसूबभाई हळूच म्हणाला, “हुजूर, आपणच जरा वळून घेऊ?”

“खबरदार! आमची लाँच वळत नाही!”

“मग जरा मागं?”

“मागं तर मुळीच नाही!”

इसूबभाईनं इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि विडी पेटवली. पगार त्याला बसायचाही तेवढाच होता.

सरकार वाट बघत बसले. पाणी बसलं नाही, ते निघून गेलं. जरा वेळानं लाँचीखाली खर्रर्र झालं. इसूबभाईनं विडी टाकून इंजिन लावलं, पण चिखल नुसता वर उडाला. लाँच कलंडली, जेवणावळीत पाटावरनं घसरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. आवडीच्या होडीला मात्र हातभर पाणी पुरत होतं. ती तरंगतच होती.

बंगल्यावरनं वाऱ्याबरोबर तळलेल्या सुरमईचा वास आला.

“ए पोरी, होडी इकडं आण! आम्ही तुझ्या होडीतनं येतो.”

“आणते. पण वळायला लागेल.”

“तेवढं वळ!”

आवडीनं होडी लावली. राजेसाहेब उतरून मासळीच्या टोपलीशेजारी बसले. “चल!”

“कशी चालू, सरकार? सरळ?”

“सरळ!”

नाक वाऱ्यात. शीड फडफड, फडफड. सुरमईचा वास येतोय आणि होडी हलत नाही. राजेसाहेबांनी शिडाकडं बघितलं, बंगल्याकडं बघितलं. मग आवाज उतरवून विचारलं, “एरवी कशी जातेस गं?”

“आधी पलीकडच्या त्या माडाकडं. मग वळून अलीकडच्या कातळाकडं. मग परत वळून...”

“जा तशी.”

“मोठ्यानं सांगा, सरकार. इसूबभाईला ऐकू जाऊ दे. होडी माझी आहे, जळण तिचं व्हायचंय.”

“अगं वळ!” राजेसाहेब ओरडले. “वळ! पाहिजे तेवढी वळ!”

आवडीनं सुकाणू फिरवलं. शिडात वारा भरला आणि होडी उडाली! माड, कातळ, माड, कातळ, आणि बंगल्याच्या पायरीला टेकली.

उतरताना राजेसाहेब डोळे वटारून म्हणाले, “मुद्दाम वाट अडवलीस आमची!”

“मी कशाला अडवू? सरकारच्या हुकमानं मी वळले नाही. सरकारच्या हुकमानं लाँच वळली नाही. अख्ख्या खाडीत हुकूम पाळणाऱ्या आम्ही दोघीच, आणि दोघीही तिथंच उभ्या!”

राजेसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग वळून लांब चिखलात कलंडलेल्या लाँचीकडं बघितलं. आणि असे हसले, असे हसले, की व्याही हातातला घास टाकून बाहेर आले!

“उद्या नवी दवंडी!” सरकार डोळे पुसत म्हणाले. “शीड दिसलं की लाँचीनं वळायचं. वल्ही परत घे. आणि वर काय हवं ते माग.”

“ते रेशमी छत द्या, सरकार. शिवून शीड करीन. लाँचीला वळायला शिकायचंय आता, तिला लांबनंच दिसलं पाहिजे की मी येतेय!”

“दिलं!” म्हणून सरकार पुन्हा हसत सुटले, आणि आवडीला हाताला धरून पंगतीत घेऊन गेले.