डावी झडप

दारं आपापसात बोलायची आणि माणसं तिकडे कान देत नसत, त्या काळची गोष्ट.

भिवा सुतारानं सगुणामावशीच्या घराला दोन झडपांचं दार बसवलं. डावीला खालीवर खिट्ट्या ठोकून तो म्हणाला, "रोजच्याला उजवी पुरे, मावशी. मोठं काही आत-बाहेर न्यायचं असलं, तरच डावी उघडा."

"मी एकटी बाई. माझ्याकडे मोठं ते काय असणार?" मावशी हसली.

मावशीचा हात लागून लागून उजवी गुळगुळीत झाली. डावीवर कोळ्यांनी जाळी विणली. "दार एक, मग आपण दोघी सारख्या का नाही?" ती रोज चरफडायची.

एका सकाळी उजवी कुणी उघडलीच नाही. दुपारी शेजारी तिला ढकलून आत शिरले. मग त्यांनी हातोडीनं डावीच्या गंजलेल्या खिट्ट्या काढल्या. डावी करकरत पार भिंतीला टेकली. अंगणात गर्दी होती, बांबू बांधणं चाललं होतं.

"बघ, माझ्यासाठी मांडव घालतायत!" डावी हरखली.

चौघांनी मावशीला उचलून दोघींच्या मधून बाहेर नेलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी दोन्ही झडपा ओढून घेतल्या आणि बाहेरून कुलूप घातलं.

"झालो बाई आपण सारख्या," उजवी म्हणाली.