झबरूला अंघोळ कोण घालणार?

मी झबरू.
एवढासा कुत्रा. आणि एवढे मोठे केस.
केस पाठीवर. केस पोटावर. केस कानांवर. केस डोळ्यांवर.
माझं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, ते पटकन कळत नाही. एकदा शेवंताकाकूनं दुधाची वाटी माझ्या शेपटीपुढं ठेवली. मी वाट बघत बसलो. मलाही कळलं नाही.

आमच्या घरी शेवंताकाकू आहे. धोंडूकाका आहेत. हौशा नावाचा बैल आहे.
एक मांजर आहे. नसती तरी चाललं असतं.

आज पोळा होता. पोळा म्हणजे बैलाचा सण.
बैलाला अंघोळ. बैलाच्या शिंगांना रंग. बैलाला पुरणाची पोळी.
सकाळी काकांनी हौशाला ओढ्यावर नेलं. चोळून चोळून अंघोळ घातली.
मीही गेलो होतो. पण काठावर बसलो. पाण्यात? छे. मी काय वेडा आहे?
मग मी चिखलात लोळलो. या कुशीवर लोळलो. त्या कुशीवर लोळलो.
वेडा नाही तर काय.

घरी आलो. काकू पोळ्या भाजत होती. खमंग वास सुटला होता.
काकूनं एक छोटी पोळी केली. इवलीशी. वर तूप सोडलं.
"झबऱ्या, ही तुजी," काकू म्हणाली, आणि पोळी माझ्यापुढं ठेवली.
मी तोंड उघडलं.
पोळी गेली. वर गेली. काकूच्या हातात गेली.
"आगं बाई, किती चिखल ह्यो," काकू म्हणाली. "आंघोळ केलीस तर पोळी. न्हाईतर न्हाई. आधी हौशाला घास. मग बाकीच्यांला. तवर न्हाऊन आलास, तर पोळी तुजी. न्हाई आलास, तर मांजरीची."
तिनं पोळी डब्यावर ठेवली. उंच.

बाजेखाली मांजर बसली होती. ती मिशा पुसायला लागली. अजून काही खाल्लंही नव्हतं तिनं.

मला अंघोळ आवडत नाही. मुळीच आवडत नाही.
पण मला पोळी आवडते.
मी विचार केला. फार वेळ नाही केला. पोळी जिंकली.

मी निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक. ठण्ण.
मला वाटलं, जेवणाचं ताट आलं. मी चाटून पाहिलं.
ताट नव्हतं. घमेलं होतं. चव काही बरी नव्हती.

मी म्हणालो,
"घमेल्या, घमेल्या, अंघोळ घाल.
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

घमेलं म्हणालं, "मी तर रिकामं. बादली पाणी ओतेल, तर मी अंघोळ घालीन."

मी निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक. खडाम.
मला वाटलं, घराचं दार. मी बाहेरून ओरडलो, "कोण आहे आत?"
आतून आवाज आला, "कोण आहे आत?"
दार नव्हतं. बादली होती. आणि आतला आवाज माझाच होता.

मी म्हणालो,
"बादलीताई, बादलीताई, पाणी ओत.
घमेलं अंघोळ घालेना,
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

बादली म्हणाली, "माझ्यात थेंबही नाही. हापसा पाणी सोडेल, तर मी पाणी ओतीन."

मी निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक. टण्ण.
मला वाटलं, पाहुणे आले. एका हाताचे, उंच उंच पाहुणे. मी शेपूट हलवली. लोळण घेतली. पोट दाखवलं.
पाहुणे गप्प.
पाहुणे नव्हते. हापसा होता.

मी म्हणालो,
"हापसेदादा, हापसेदादा, पाणी सोड.
बादली पाणी ओतेना,
घमेलं अंघोळ घालेना,
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

हापसा म्हणाला, "माझा दांडा कोण हलवणार? तू? काका मला हापसतील, तर मी पाणी सोडीन."
मी दांड्याला लोंबकळून पाहिलं. दांडा हलला नाही. मीच हललो.

मी निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक. धप्प.
मला वाटलं, खांब. छान खांब होता. मी पाय वर करणार, इतक्यात खांब बोलला.
"आरं आरं आरं, झबऱ्या."
खांब नव्हता. धोंडूकाकांचा पाय होता. मी पाय खाली ठेवला. काही झालंच नाही असं दाखवलं.

मी म्हणालो,
"काका, काका, हापसा मारा.
हापसा पाणी सोडेना,
बादली पाणी ओतेना,
घमेलं अंघोळ घालेना,
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

काका म्हणाले, "हातात रंग हाय माज्या. एक शिंग झालं. दुसरं ऱ्हायलंय. ह्यो हौशा सारका मान हलवतोय. बैल नीट हुबा ऱ्हाईल, तर मी हापसा मारीन."

मी निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक. धडाम.
मला वाटलं, डोंगर. अंगणात डोंगर कुठून आला?
डोंगरानं शेपटी हलवली. फटक. माझ्या नाकावर बसली.
डोंगर नव्हता. हौशा होता.

मी म्हणालो,
"हौशादादा, हौशादादा, नीट उभा राहा.
काका हापसा मारेनात,
हापसा पाणी सोडेना,
बादली पाणी ओतेना,
घमेलं अंघोळ घालेना,
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

हौशा म्हणाला, "उभा कसा राहू? माझ्या नाकावर माशी बसलीय. गुदगुल्या होतात. माशी उठेल, तर मी नीट उभा राहीन."

मी वर पाहिलं. नाक दिसेना. मी केसांवर फुंकर मारली. फू. केस बाजूला झाले. माशी दिसली.
केस परत आले. माशी दिसेनाशी झाली.
मी परत फुंकर मारली. फू.

मी म्हणालो,
"माशीबाई, माशीबाई, नाकावरून ऊठ.
बैल नीट उभा राहीना,
काका हापसा मारेनात,
हापसा पाणी सोडेना,
बादली पाणी ओतेना,
घमेलं अंघोळ घालेना,
काकू पोळी देईना,
आणि मांजर जागची हलेना."

माशी म्हणाली, "भुणभुण. मलाही इथं बसायची हौस नाही. या बैलाला आज साबण लावलाय. कसला मेला सुवास. छान घाणेरडी जागा मिळेल, तर मी उठेन."

घाणेरडी जागा? ती तर मी शोधून देतो. वास हुंगण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
मी नाक वर केलं. हुंग हुंग.
लगेच वास आला. मस्त घाणेरडा वास.
मी उकिरड्यापाशी गेलो. तिथं वास होता.
मी तुळशीपाशी गेलो. तिथंही तोच वास.
मी दारातल्या रांगोळीपाशी गेलो. तिथंही तोच.
नवलच. आज सगळ्या घरालाच वास येतोय. मी काकूला सांगायला हवं, असं मला वाटलं.

तेवढ्यात माशी म्हणाली, "थांब, थांब. मिळाली जागा."
"कुठं?" मी विचारलं.
"ही काय," माशी म्हणाली. भुर्रकन आली. आणि माझ्या डोक्यावर बसली.
"वा," माशी म्हणाली. "याहून घाणेरडं काही बघितलं नाही मी."

मला राग यायला हवा होता. खरंच यायला हवा होता.
पण पोळी आठवली. मी माशीला बसू दिलं.

मग काय झालं?
माशी नाकावरून उठली,
म्हणून बैल नीट उभा राहिला.
बैल नीट उभा राहिला,
म्हणून काकांचं दुसरं शिंग रंगवून झालं. म्हणजे हौशाचं.
काकांनी हात पुसले, हापसा मारला. खटक खटक, खटक खटक.
हापशानं पाणी सोडलं. भळ भळ, भळ भळ.
बादलीनं पाणी ओतलं. धबा धबा, धबा धबा.
घमेलं भरलं. डुबुक.
घमेलं म्हणालं, "ये झबरू, बस."

आणि झबरू कुठं होता?
झबरू बाजेखाली होता.

हसू नका. बरं, हसा.
एवढ्या सगळ्यांना मी कामाला लावलं. आणि पाणी दिसल्यावर मीच पळालो. पाणी फार ओलं दिसत होतं.

बाजेखाली मांजर होतीच. तिनं अंग आखडलं. मला जागा दिली.
"बस, बस," मांजर म्हणाली. "कशाला करतोस अंघोळ? छान दिसतोस असाच. पोळीचं मी बघते."
मांजर एरवी माझ्याशी इतकं गोड बोलत नाही.

मी बाजेखालून निघालो.
तुरुतुरु, तुरुतुरु.
केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक नाही. ठण्ण नाही.
धबाक.
मी घमेल्यात होतो.

काकांनी साबण लावला. हौशाचाच उरलेला. चोळ चोळ चोळलं. पाणी काळं झालं. पाणी बदललं. ते तांबडं झालं. परत बदललं.
काटकी निघाली. पान निघालं. मागं हरवलेलं काकूचं बटण निघालं.
माशी म्हणाली, "अगं बाई, माझी जागा गेली." ती रुसून उकिरड्यावर गेली.

मग काकांनी मला उचलून खाली ठेवलं.
केस सगळे चिकटले. आणि मी?
मी उरलोच नव्हतो फारसा. चार काड्या, दोन डोळे, एक नाक. बाकी सगळे केसच होते की काय इतके दिवस?

इतक्यात काकू बाहेर आली. हातात ताट. ताटात कुंकू, दिवा आणि पोळ्या.
तिनं हौशाला कुंकू लावलं. ओवाळलं. मोठी पोळी भरवली. हौशानं डोळे मिटून खाल्ली.
ताटात उरली ती इवलीशी पोळी.
"झबऱ्या कुठं गेला?" काकू म्हणाली.
मी तिच्या पायाशी होतो. मी शेपूट हलवली. ओल्या दोरीसारखी ती माझ्याच पायाला गुंडाळली.
काकूनं खाली पाहिलं. "ह्ये कुणाचं उंदराचं पिल्लू?"

उंदराचं?
मांजरीनं बाजेखालून हळूच मान बाहेर काढली. तिनं पोळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. तिला आता दोन पदार्थ दिसत होते.

"उंदीर न्हाई. झबऱ्या हाय त्यो," काका म्हणाले.
"काय तरीच. झबऱ्या केवढा, ह्ये केवढं."
मी जोरात भुंकायचं ठरवलं. सगळं बळ एकवटलं. तोंड उघडलं.
"च्यूं."
छान. आता मी पक्का उंदीर झालो.

मला रडूच आलं. मी न्हालो. सगळं केलं. आणि आता मीच मला सापडेना. काकूलाही सापडेना.
मला थंडी वाजली. नाकापासून थरथर सुरू झाली. मानेत आली. पाठीत आली. शेपटीत आली.
फड फड फड फड फड फड.
पाणी काकांवर. पाणी काकूवर. पाणी हौशावर.
आणि सगळ्यात जास्त पाणी मांजरीवर.
"म्यांऽऽव."
मांजर उडाली. बाजेवरून कौलांवर गेली.

मांजर जागची हलली.

माझे केस उभे राहिले. इकडे केस. तिकडे केस. कानांवर केस.
काकूनं पदरानं तोंड पुसलं. ती हसायला लागली. "ह्यो तर आमचा झबऱ्याच की."
मला इतकं बरं वाटलं, की मी तिचा पाय चाटला. यावेळी आधी नीट बघून घेतलं. काकूचाच होता.

काकू खाली बसली. पोळी हातात घेतली. मला म्हणाली, "आज राबणाऱ्याचा सण हाय. हौशा वरीसभर राबला. तू काय केलंस रं?"
मी आठवून पाहिलं. नांगर ओढला नाही. गाडी ओढली नाही. राखणही नाही केली, कारण चोर आला तरी मला दिसणार नाही.
मी म्हणालो, "मी अंघोळ केली."
काकू म्हणाली, "मंग तर लईच राबलास."
तिनं माझ्या कपाळावर कुंकू लावलं. हौशाला लावलं तसंच. आणि पोळी माझ्यापुढं ठेवली.

ऊन होतं. वारा होता. केस वाळले. फुगले. खाली आले. डोळ्यांवर आले.
पोळी समोर. केस डोळ्यांवर. दिसतंय कुणाला?
धडक.

मी नाकापर्यंत पोळीत गेलो.
पुरण नाकाला. तूप मिशांना. गूळ कानांना.
आणि उकिरड्यावरून आवाज आला, "भुणभुण. आले, आले."

पोळी माझ्या पोटात, मांजर कौलात,
आणि गोष्ट गेली तुमच्या कानात.