लोणच्याने जिंकलेला दावा

"तीन दिवसांत वकिलाचं यश मोजायचं माप आणून दाखवा, दाजीबा! नाहीतर चौथ्या दिवशी वकिलीची सनद परत करा!"

धामणखेडचे महाराज भर दरबारात माझ्यावर कडाडले. दोष माझ्याच जिभेचा होता. महाराजांना संस्थानातल्या सगळ्यात यशस्वी वकिलाला मानाची शाल द्यायची होती आणि सगळ्यात अयशस्वी वकिलाला घरी बसवायचं होतं. संस्थानात वकील दोनच! जिवाजीराव घोसाळकर अकरा वर्षांत एकही दावा हरले नव्हते. त्यांच्यासमोर दर वेळी मीच उभा असे, त्यामुळे मी किती जिंकलो ते वेगळं सांगायला नको.

"सरकार," मी हात जोडून म्हणालो होतो, "जिंकलेल्या दाव्यांवरून वकील मोजू नये. सोपा दावा शेंबडं पोरही जिंकेल!"

"मग कशावरून मोजावा?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. महाराजांचा हट्ट मात्र अख्ख्या संस्थानाला ठाऊक होता.

दोन दिवस मी डोकं खाजवलं. भाषणाच्या लांबीवरून मोजावं, तर माझा पहिला नंबर. पण ऐकणारे झोपलेले! अशिलाच्या समाधानावरून मोजावं म्हणून एका जुन्या अशिलाकडे गेलो, तर त्याने अंगावर कुत्रं सोडलं. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर डोकं धरून बसलो. तेवढ्यात कोर्टात पाणी भरणारी ठमाबाई घागर घेऊन आली.

"काय वो वकीलसायेब, सुतक पडल्यागत का बसलाय?"

मी सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"एवढंच व्हय? आवो, नांगर वाकडा चालला की बैलांची बाजू बदलून बघत्यात. मग कळतं, खोड बैलात हाय का रानात! सरकारास्नी म्हनावं, तुमची दोघांची जागा बदला."

बैल म्हटल्याचा राग यायला हवा होता. पण अडलेल्या माणसाला राग परवडत नाही.

मी ठमाबाईचं नाव सांगून कल्पना महाराजांपुढे मांडली आणि त्यांना ती गमतीची वाटली. आमचे न्यायाधीश म्हणजे महाराजांचे मामासाहेब. त्यांच्या उजव्या हाताची जागा मानाची, म्हणून ज्येष्ठ घोसाळकरांची. डावी माझी. चौथ्या दिवशी जागा उलट झाल्या. मी आठवड्यापूर्वी हरलेला फणसाच्या झाडाचा दावा पुन्हा चालवायचा ठरला आणि महाराज स्वतः पडद्याआड बसले.

घोसाळकर दीड तास बोलले. दाखले दिले, नकाशे दाखवले, बेंबीच्या देठापासून ओरडले. शेवटी मलासुद्धा वाटायला लागलं, की फणस त्यांच्याच अशिलाचा!

मग माझी पाळी आली. मी पिशवीत हात घातला. दाव्याचे कागद घरीच राहिले होते! पिशवीत एकच कागद होता. बायकोने तिच्या बहिणीसाठी लिहिलेली लिंबाच्या लोणच्याची कृती! सनद जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. पण मुक्यासारखं उभं राहण्यापेक्षा काहीतरी वाचलेलं बरं.

"शंभर लिंबं घ्यावीत," मी सुरुवात केली. "पातळ सालीची, रसरशीत! पुसून कोरडी करावीत. पाण्याचा थेंबही राहता कामा नये!"

मामासाहेब मान डोलवू लागले. मी मिठापर्यंत पोहोचलो, तोच त्यांनी हात वर केला.

"पुरे! फणस दाजीबांच्या अशिलाचा! त्यात लिंबं कशाला आली ते मला समजलं नाही, पण यांनी निदान काही मांडलं तरी. घोसाळकर, तुम्ही दीड तास नुसतं पान चघळताय! कोर्टाची काही अदब?"

मला धक्का बसला. हीच बोलणी मी अकरा वर्षं खात होतो. त्यापायी मी पान खायचंसुद्धा सोडलं होतं!

महाराज पडदा सारून पुढे आले. "मामासाहेब, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही?"

"लहानपणी विहिरीत उडी मारली, तेव्हापासून तो जरा जड आहे," मामासाहेब म्हणाले. "कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

महाराज कोपऱ्यात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या ठमाबाईकडे वळले. "आणि ठमाबाई, तुला हे ठाऊक होतं?"

"व्हय सरकार! नऊ वर्सं पानी देतीया. डावीकडनं हाळी दिली तर हू की चू न्हाई. उजवीकडनं नुसतं पुटपुटलं, की तांब्या रिकामा!"

कोर्टात हशा पिकला. पण महाराज हट्टी ते हट्टीच!

"ते राहू दे! मी माप मागितलं होतं. वकिलाचं यश मोजायचं कसं? उत्तर नसेल, तर दाजीबा, सनद इथे ठेवा!"

मी सनद काढली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ठमाबाई पुढे सरसावली.

"थांबा सरकार! आजवर वकील मोजलाय कुणी? दाखले देऊन बोलला त्यो हरला, लोनचं घातलं त्यो जिकला! यश वकिलाचं न्हवंच, मामासायेबांच्या उजव्या कानाचं! मानाची शाल द्यायचीच, तर त्या कानाला गुंडाळा!"

महाराज असे हसले, की त्यांची पगडी निसटून मामासाहेबांच्या मांडीवर पडली!

शाल ठमाबाईच्या खांद्यावर पडली. घागर सुटली आणि दुप्पट पगारावर नवी नेमणूक झाली: मामासाहेबांच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसायचं आणि डाव्या वकिलाचं बोलणं मोठ्याने उजव्या कानात सांगायचं!

माझी सनद वाचली. पुढच्या आठवड्यात फणसाचा दावा नीट चालला, मामासाहेबांनी दोन्ही बाजू शब्दन् शब्द ऐकल्या आणि मी हरलो. पण काय आनंद झाला म्हणून सांगू! अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी ऐकून घेतल्यावर हरलो होतो!